बारा गाणी, सत्तावीस महिने : पॅट्सी क्लाइन श्रवणसत्राच्या प्रकल्प नोंदी

१४ सप्टेंबर २०२४, नॅशविल

मंडळाच्या श्रवणगटाचं पुढचं सत्र माझ्याकडे आलं आहे. आजवर गटात नाट्यपदं झाली, भावगीतं झाली, एकदा ठुमरीही झाली. पण ज्या गावात आपण घरं घेतली आणि मुलं वाढवली, त्या गावाचं संगीत अजून कुणी मांडलेलं नाही. म्हणून मी कंट्री संगीत सुचवलं आणि सगळ्यांनी मान्य केलं.

एकच तबकडी घ्यायची, हेही ठरलं : अमेरिकन कंट्री गायिका पॅट्सी क्लाइन हिची ‘पॅट्सी क्लाइन्स ग्रेटेस्ट हिट्स’. डेक्का कंपनीनं ती मार्च १९६७मध्ये काढली, म्हणजे गायिका जाऊन चार वर्षं झाल्यावर. दोन्ही बाजूंना सहा-सहा, एकूण बारा गाणी. सगळी मिळून अर्ध्या तासाच्या जरा वर. अमेरिकेत एक कोटी प्रतींसाठी दिलं जाणारं डायमंड प्रमाणपत्र या तबकडीला मिळालं आहे.

तारीख १६ नोव्हेंबर. दिवाळीचा कार्यक्रम आटोपल्यावर हॉल मिळणारा तो पहिला शनिवार. योग असा, की या संग्रहातलं सगळ्यात जुनं ध्वनिमुद्रण १६ नोव्हेंबर १९६०चं आहे.

१५ सप्टेंबर

आज फक्त तारखांचं काम. तबकडीच्या क्रमातली गाणी एका बाजूला लिहिली आणि प्रत्येकापुढे ध्वनिमुद्रणाचा काळ मांडला. समोर आलं ते चित्र गेली कित्येक वर्षं ही गाणी ऐकूनही माझ्या डोळ्यांपुढे कधी उभं राहिलं नव्हतं.

पॅट्सी १९५५पासून रेकॉर्ड करत होती, १९६३मध्ये ती गेली. पण या संग्रहातली बाराही गाणी नोव्हेंबर १९६० ते फेब्रुवारी १९६३ या जेमतेम सत्तावीस महिन्यांतली आहेत. लोक जिला तिची सगळी कारकीर्द समजतात, ती खरं तर कारकिर्दीची शेवटची सव्वादोन वर्षं. त्याआधीची पाच-सहा वर्षं या तबकडीवर नाहीतच. आणि ज्या गाण्यानं ही तबकडी सुरू होते, ते ‘वॉकिन आफ्टर मिडनाइट’, तिचं १९५७चं पहिलं गाजलेलं गाणं, तेसुद्धा इथे मूळ रूपात नाही. ऑगस्ट १९६१मध्ये तिनं ते पुन्हा गायलं, ते इथे आहे.

सत्राचा कणा इथेच सापडला. गाणी तबकडीच्या क्रमानं न वाजवता ज्या क्रमानं गायली गेली त्या क्रमानं वाजवायची. तबकडीवर हे काम थकवणारं आहे, सुई सारखी उचलावी लागेल आणि बाजू उलटाव्या लागतील. तरी तसंच करायचं.

२१ सप्टेंबर

तबकडी मिळाली. जुन्या तबकड्यांच्या दुकानातली आहे, एमसीएच्या लेबलची. डेक्काचं नाव १९७३मध्ये एमसीए झालं, त्यानंतरची ही आवृत्ती. पहिली बाजू स्वच्छ आहे. दुसऱ्या बाजूला ‘फेडेड लव्ह’वर एक ओरखडा, पण सुई उडत नाही. पाण्यानं आणि मऊ कापडानं पुसून घेतली. नवी सुई मागवली आहे.

वहिनी म्हणाल्या, “फोनवरून लावलं असतं तर क्रमही हवा तसा मिळाला असता.” त्यांचं म्हणणं खरं आहे. पण बारा गाणी एका वस्तूवर कुणीतरी निवडून मांडली आहेत, हे लोकांच्या हातात ती वस्तू दिल्याशिवाय कळत नाही. तबकडी बैठकीत सगळ्यांकडे फिरवायची.

२२ सप्टेंबर

निवडीबद्दल. ‘ग्रेटेस्ट हिट्स’ म्हटल्यावर सगळी गाजलेली गाणी असतील असं वाटतं. तसं नाही. ‘स्ट्रेंज’ ही ‘शीज गॉट यू’च्या सिंगलची, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणं असलेल्या छोट्या तबकडीची, मागची बाजू. ‘यू आर स्ट्राँगर दॅन मी’ ही ‘सो राँग’ची मागची बाजू. ‘व्हाय कान्ट ही बी यू’ आणि ‘बॅक इन बेबीज आर्म्स’ हीसुद्धा मागच्या बाजूचीच. म्हणजे बारापैकी चार गाणी अशी, की ज्यांच्यासाठी त्या वेळी कुणी सिंगल विकत घेतली नव्हती.

उलट ‘व्हेन आय गेट थ्रू विथ यू’ हे १९६२मध्ये कंट्रीच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत गेलेलं गाणं इथे नाही. ते उड्या मारणारं, आत्मविश्वासानं भरलेलं गाणं आहे. माझं मत असं, की संग्रह करणाऱ्यांनी विक्रीचे आकडे पाहिले तसा रंगही पाहिला. त्यांना रात्र, एकटेपणा, हातातून गेलेलं माणूस असा एकच रंग हवा होता आणि तो त्यांनी फार नेमका जमवला. ‘बॅक इन बेबीज आर्म्स’ एवढीच खिडकी उघडी ठेवली आहे. या निवडीमुळे तबकडी सलग आणि सुंदर झाली. पण जिवंतपणी लोकांना ठाऊक असलेली मोठ्यानं हसणारी, स्टेजवर कुणालाही न जुमानणारी बाई तिच्यात फारशी उरली नाही. सत्रात हे सांगणं मला गरजेचं वाटतं.

२८ सप्टेंबर

पार्श्वभूमीचं टिपण तयार केलं, पाच मिनिटांत बसेल असं.

व्हर्जिनिया पॅटरसन हेन्स्ली, जन्म ८ सप्टेंबर १९३२, विंचेस्टर, व्हर्जिनिया. वडील घर सोडून गेले. आई हिल्डा शिवणकाम करून घर चालवायची. मुलीनं शाळा सोडली आणि औषधांच्या दुकानातल्या सोडा काउंटरवर काम धरलं. संगीत वाचायला ती कधीच शिकली नाही. स्टेजवरचे झालरींचे काउगर्ल पोशाख आईच शिवायची.

१९५४मध्ये फोर स्टार नावाच्या कंपनीशी तिनं करार केला. या कराराची अट अशी, की तिनं गायची ती फक्त फोर स्टारच्या मालकीची गाणी. ध्वनिमुद्रण ओवेन ब्रॅडली करायचे, तबकड्या आधी कोरल आणि मग डेक्काच्या लेबलवर यायच्या, पण गाणी फोर स्टारचीच. पन्नासेक गाणी तिनं अशी गायली आणि त्यातलं खऱ्या अर्थानं चाललं ते एकच. आवाज तोच, स्टुडिओ तोच, वादकही बरेचसे तेच, आणि तरी पाच वर्षं काही घडत नाही. गाण्याची निवड दुसऱ्याच्या हातात गेली की काय होतं, याचा याहून स्वच्छ पुरावा मला ठाऊक नाही. हा करार १९६०मध्ये संपला, ती थेट डेक्काकडे आली आणि दारं उघडली. संग्रहातले सत्तावीस महिने इथून सुरू होतात.

चाललेलं ते एक गाणं म्हणजे ‘वॉकिन आफ्टर मिडनाइट’. पॅट्सीला ते आवडलं नव्हतं, तिच्या मते ते कंट्री नव्हतंच. २१ जानेवारी १९५७ला आर्थर गॉडफ्री यांच्या दूरदर्शनवरच्या नवोदितांच्या कार्यक्रमात तिला तेच गायला लावलं. झालरींचा पोशाखही बाजूला ठेवून साधा पार्टीचा झगा घालायला सांगितलं. ती जिंकली. गाणं कंट्रीच्या यादीत दुसरं आणि पॉपच्या यादीत बारावं आलं.

५ ऑक्टोबर

म्युझिक रोवर, म्हणजे इथल्या स्टुडिओंच्या आणि संगीत कंपन्यांच्या वस्तीत, चक्कर. १६व्या अॅव्हेन्यू साउथवर ब्रॅडली बंधूंनी, ओवेन आणि हॅरल्ड यांनी, १९५४-५५च्या सुमारास एक घर घेतलं आणि मागे सैन्याच्या वापरातली असते तशी अर्धगोल पत्र्याची शेड उभी केली. तीच क्वाँसेट हट. आज जो भाग म्युझिक रो म्हणून ओळखला जातो, तिथला हा पहिला स्टुडिओ. १९६२मध्ये कोलंबिया कंपनीनं तो विकत घेतला, पण डेक्काची कामं तिथे चालूच राहिली. आपल्या तबकडीतली गाणी याच पत्र्याखाली तयार झाली. आता बेलमाँट विद्यापीठाचे विद्यार्थी तिथे ध्वनिमुद्रण शिकतात. इमारत चालती आहे याचं मला फार बरं वाटलं. जवळच्या छोट्या बागेत ओवेन ब्रॅडलींचा पियानोवर बसलेला कांस्यपुतळा आहे. सत्रासाठी दोन्हींचे फोटो काढले.

वादकांची यादी पक्की केली : पियानोवर फ्लॉइड क्रेमर, उभ्या बासवर बॉब मूर, ड्रमवर बडी हार्मन, गिटारवर ग्रेडी मार्टिन आणि हँक गारलंड, सहा तारांच्या इलेक्ट्रिक बासवर हॅरल्ड ब्रॅडली. कोरसला जॉर्डनेअर्स, तेच जे एल्व्हिस प्रेस्लीच्या मागे गायचे. ही माणसं सकाळी एका गायकाकडे आणि दुपारी दुसऱ्याकडे वाजवायची. एका सेशनचे तीन तास आणि त्यात साधारण चार गाणी, अशी या गावाची शिस्त होती.

६ ऑक्टोबर

काकांकडे गेले होते. ते पेटी वाजवतात आणि सत्रात वाद्यांची बाजू ते सांभाळणार आहेत. त्यांना नॅशविलची अंकपद्धत दाखवली. जॉर्डनेअर्समधले नील मॅथ्यूज यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस ती बसवली : कॉर्डचं, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांच्या गटाचं, नाव न लिहिता फक्त पायरीचा आकडा लिहायचा, १, ४, ५ असा. गायकाची पट्टी बदलली तरी कागद तोच चालतो. काका लगेच म्हणाले, “म्हणजे यांचा १ म्हणजे आपला सा. कुठेही धरा.” आणि त्यांनी पेटीवर ‘आय फॉल टू पीसेस’चा सांगाडा काळी दोन आणि पांढरी पाच अशा दोन पट्ट्यांत वाजवून दाखवला. सत्रात हेच करायचं. आपल्या लोकांना नॅशविलच्या स्टुडिओत शिरण्यासाठी याहून जवळचं दार नाही.

१२ ऑक्टोबर

‘आय फॉल टू पीसेस’. हे सत्रातलं पहिलं गाणं, म्हणून यावर सगळ्यात जास्त वेळ दिला.

हँक कॉक्रन आणि हार्लन हॉवर्ड यांचं गाणं. आधी ते इतरांकडे फिरलं. ब्रेंडा लीनं घेतलं नाही, रॉय ड्रस्कीला ते बाईनं गायचं गाणं वाटलं. पॅट्सीकडे आलं तेव्हा तिलाही शंका होती, आणि जॉर्डनेअर्सबद्दल तर अधिकच. चार पुरुषांच्या आवाजात आपला आवाज बुडेल अशी तिची भीती होती.

ऐकताना तीन गोष्टींकडे लक्ष वेधायचं. एक, ठेका. झुलता, आरामात चालणारा शफल, जो गाण्यातल्या दुःखाला रडू देत नाही. दोन, बास. उभा बास गोल आणि खोल वाजतो, त्याच्यावर हॅरल्ड ब्रॅडली आपल्या इलेक्ट्रिक बासवर तेच सूर तारा दाबून, टक-टक वाजवतात. इथले वादक त्याला टिक-टॅक म्हणतात. छोट्या रेडिओवर खोल बास पोचायचा नाही, पण ही टकटक पोचायची. तीन, स्टील गिटार, म्हणजे आडवी ठेवून तारांवर धातूची पट्टी सरकवत वाजवायची गिटार. बेन कीथ यांनी ती इतकी मागे ठेवली आहे, की कंट्रीची आठवण राहावी पण अंमल नको.

या तीन गोष्टी म्हणजेच नॅशविल साउंड. रॉक अँड रोलनं १९५०च्या दशकात तरुण श्रोता ओढून नेला, तेव्हा डेक्कात ओवेन ब्रॅडली आणि आरसीए या दुसऱ्या कंपनीत चेट अॅटकिन्स यांनी फिडल (कंट्रीच्या ढंगानं वाजवलेलं एकटं व्हायोलिन) आणि स्टील मागे सारली, कोरस आणि व्हायोलिनांचा ताफा पुढे आणला. अनेक जुन्या श्रोत्यांना हा धर्मबदल वाटला आणि काहींना आजही वाटतो. मला तो तसा वाटत नाही. या आवाजाला मोकळी जागा हवी होती आणि ब्रॅडलींनी ती करून दिली.

गाणं जानेवारी १९६१मध्ये बाजारात आलं, हळूहळू चढलं आणि ऑगस्टमध्ये कंट्रीत पहिलं झालं. मधल्या काळात, १४ जून १९६१ला, नॅशविलमध्ये पॅट्सीच्या मोटारीची समोरासमोर टक्कर झाली. ती काचेतून बाहेर फेकली गेली. कपाळ फाटलं, मनगट मोडलं, मांडीचा सांधा निखळला. ती महिनाभर इस्पितळात असताना लोरेटा लिन नावाच्या नवख्या गायिकेनं गायक अर्नेस्ट टब यांच्या रेकॉर्डच्या दुकानातून होणाऱ्या रेडिओ कार्यक्रमात हेच गाणं तिच्यासाठी म्हटलं. पॅट्सीनं तिला भेटायला बोलावलं आणि तिथून दोघींची मैत्री जुळली.

१३ ऑक्टोबर

‘क्रेझी’.

विली नेल्सन १९६०मध्ये नॅशविलला आला होता. पँपर म्युझिक या प्रकाशन संस्थेत त्याला आठवड्याला ५० डॉलरवर गाणी लिहायचं काम मिळालं, तेही हँक कॉक्रननं स्वतःची पगारवाढ सोडून दिल्यामुळे. नेल्सन गातो ते ठेक्याच्या मागे-पुढे, बोलल्यासारखं. पॅट्सीनं त्याच्या आवाजातला नमुना ऐकला आणि तिला तो रुचला नाही. तसं गाणं तिला शक्यही नव्हतं आणि गरजही नव्हती.

२१ ऑगस्ट १९६१. ती कुबड्या घेऊन स्टुडिओत आली. एरवी तीन तासांत चार गाणी व्हायची, त्या दिवशी चार तास या एकाच गाण्यावर गेले. अपघातात बरगड्याही मोडल्या होत्या, वरचे सूर घेताना दुखायचं. शेवटी ब्रॅडलींनी वाद्यांची बाजू पूर्ण करून ठेवली. आवाज आणि वाद्यं वेगवेगळी नोंदवता येणाऱ्या तीन ट्रॅकच्या टेपमुळे ते शक्य झालं. काही आठवड्यांनी ती परत आली आणि तयार वाद्यसंगीतावर गाऊन गेली. एका दमात, असं तिथे असलेले लोक सांगत आले.

मला महत्त्वाचं वाटतं ते मधलं अंतर. त्या काळी नॅशविलमध्ये गायक आणि वादक एकाच वेळी, एकाच खोलीत वाजवत-गात. इथे वादकांनी तिच्या आवाजासाठी मोकळी जागा ठेवून वाजवलं आणि ती नंतर त्या जागेत आली. क्रेमरचा पियानो ऐकताना हे जाणवतं. तो वाक्य संपेपर्यंत थांबतो, मग दोन सूर एकमेकांवर घसरवून उत्तर देतो. सूर घसरवून मूळ जागी आणण्याची ही ढब क्रेमरची ओळख होती, तिला इथे स्लिप-नोट म्हणतात. गाण्याची चाल वरून खाली मोठ्या उड्या घेते आणि पॅट्सी प्रत्येक उडीच्या तळाशी आवाज सैल सोडते. काका म्हणाले, “ती सूर लावत नाही, सूर ठेवते.” सत्रात वाटायच्या पत्रकात हे वाक्य त्यांच्या नावानं घालणार होते, त्यांनी नाव नको म्हटलं.

कंट्रीत दुसरं, पॉपमध्ये नववं. २००३मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या ग्रंथालयानं हे गाणं ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत घेतलं.

सत्रात हे दोनदा वाजवायचं. पहिल्यांदा काही न सांगता, दुसऱ्यांदा फक्त पियानो ऐकायचा म्हणून.

१९ ऑक्टोबर

‘वॉकिन आफ्टर मिडनाइट’ची दोन्ही रूपं शेजारी ठेवून ऐकली. ८ नोव्हेंबर १९५६चं मूळ आणि संग्रहातलं १९६१चं. मूळ गाण्यात स्टील गिटार पुढे आहे, आवाज कोवळा आणि थोडा उद्धट आहे, चाल खरंच रात्री चालणाऱ्या माणसाची आहे. १९६१मध्ये जॉर्डनेअर्स आले, कडा घासल्या गेल्या. नवं रूप चांगलं गायलेलं आहे, तरी मला मूळच प्रिय. सत्रात दोन्ही वाजवायची, मूळ गाणं संगणकावरून. मूळ इथे का नाही ते सरळ आहे : ते फोर स्टारच्या करारातलं, आणि डेक्कापाशी स्वतःच्या हक्काचं १९६१चं होतं.

‘स्ट्रेंज’ त्याच महिन्यातलं. लहान गाणं, फार बोलायचं नाही.

२० ऑक्टोबर

‘शीज गॉट यू’. १७ डिसेंबर १९६१चं ध्वनिमुद्रण, पुन्हा कॉक्रनचं गाणं, पुढच्या वर्षी कंट्रीत पहिलं. मथितार्थ असा : त्याचा सही केलेला फोटो माझ्याकडे, आपण मिळून ऐकलेल्या तबकड्या माझ्याकडे, अंगठी माझ्याकडे, आणि तो तिच्याकडे. बस, एवढंच. गीतकारानं एकही उपमा वापरलेली नाही, वस्तूंची यादी केली आहे. लिहिणाऱ्यांनी हे गाणं जवळ ठेवावं. पत्रकात बाकीच्या गाण्यांना दोन ओळी दिल्या, याला सहा.

गायनात तक्रार नाही, हिशेब आहे. प्रत्येक वस्तू ती सारख्याच शांतपणे पुढे ठेवते आणि शेवटच्या ओळीलाच आवाजाला थोडी धार येऊ देते.

२६ ऑक्टोबर

१९६२ची गाणी एका हप्त्यात घेतली. ‘सो राँग’ कार्ल पर्किन्स, डॅनी डिल आणि मेल टिलिस यांचं. ‘व्हाय कान्ट ही बी यू’ कॉक्रनचं, आणि या संग्रहातलं सगळ्यात दुर्लक्षित. चांगल्या माणसाबरोबर असूनही दुसऱ्याच्या आठवणीत असलेली बाई, तिची त्या चांगल्या माणसाबद्दलची अपराधी भावना. असला विषय त्या काळी बाईच्या तोंडी सहज येत नसे. ‘लीव्हिन ऑन युअर माइंड’ जानेवारी १९६३मध्ये आलं, तिच्या हयातीत आलेली ही शेवटची सिंगल. तबकडीवर हेच शेवटचं गाणं आहे.

‘बॅक इन बेबीज आर्म्स’ मध्यंतराआधी ठेवलं. लोक चहाला हसत जातील.

२ नोव्हेंबर

पॅट्सीचं विमान जिथे कोसळलं त्या कॅमडेनला जाऊन आलो, वहिनी आणि मी. नॅशविलच्या पश्चिमेला सुमारे ९० मैल.

घटना अशी. मार्च १९६३च्या सुरुवातीला पॅट्सी कॅन्सस सिटीत गेली होती. कॅक्टस जॅक कॉल नावाचे रेडिओ निवेदक अपघातात गेले होते, त्यांच्या कुटुंबासाठी मदतीचा कार्यक्रम होता. परतताना ती, काउबॉय कोपास, हॉकशॉ हॉकिन्स हे दोन गायक आणि तिचा व्यवस्थापक रँडी ह्यूजेस एका छोट्या पायपर कोमँची विमानात होते. विमान ह्यूजेस चालवत होता. निव्वळ यंत्रांच्या आधारे उडण्याचं प्रशिक्षण त्याच्याकडे नव्हतं. ५ मार्चला वाटेत डायर्सबर्ग या गावी इंधन भरलं. हवा बिघडली होती आणि रात्रभर थांबा असं त्यांना तिथे सांगण्यात आलं होतं. सहा वाजून गेल्यावर ते उडाले आणि काही मिनिटांत कॅमडेनजवळच्या रानात विमान कोसळलं. चौघेही गेले. ती तीस वर्षांची होती.

परतीच्या वाटेवर मी आणि वहिनी यावरच बोलत होतो, की हे सत्रात किती सांगायचं. ठरलं ते असं : दोन वाक्यं, तीही शेवटच्या गाण्यानंतर. कारण मृत्यू आधी सांगितला की प्रत्येक गाण्यात चाहूल ऐकू यायला लागते, आणि तशी चाहूल त्यात नाही. ‘स्वीट ड्रीम्स’ डॉन गिब्सननं १९५०च्या दशकात लिहिलं होतं, तिच्या आधी फॅरन यंगनं ते गाजवलं होतं. ‘फेडेड लव्ह’ बॉब विल्स यांच्या वाद्यवृंदाचं जुनं गाणं. ती फेब्रुवारी १९६३मध्ये स्टुडिओत गेली ती नव्या तबकडीची तयारी करायला, पुढच्या कामासाठी.

३ नोव्हेंबर

फेब्रुवारी १९६३ची दोन गाणी. ४ तारखेला ‘फेडेड लव्ह’, ५ला ‘स्वीट ड्रीम्स’.

पहिल्या गाण्यातल्या टिक-टॅकपासून इथवर आलो की फरक अंगावर येतो. ‘स्वीट ड्रीम्स’ थेट व्हायोलिनांनी उघडतं. स्टील नाही, फिडल नाही. ज्या बाईला कोरसची भीती वाटत होती, ती सव्वादोन वर्षांनी संपूर्ण तंतुवाद्यांच्या ताफ्यापुढे उभी राहते आणि ताफा तिच्यामागे चालतो. ‘फेडेड लव्ह’च्या अखेरीस, शेवटच्या शब्दाआधी तिचा श्वास स्पष्ट ऐकू येतो. ब्रॅडलींनी तो तसाच ठेवला. आमच्या प्रतीवरचा ओरखडा त्याच्या बऱ्याच आधी संपतो, हे पुन्हा तपासलं.

तबकडीच्या क्रमात ‘स्वीट ड्रीम्स’ दुसरं येतं, १९६१च्या दोन गाण्यांच्या मध्ये. तिथे ते फक्त एक सुंदर गाणं असतं. क्रमानं ऐकलं की ते कुठून निघून कुठे पोचलं ते कळतं.

९ नोव्हेंबर

रंगीत तालीम, आमच्या दिवाणखान्यात, पाच-सहा जणांपुढे. सुई उचलून ठेवण्याचं काम मुलानं घेतलं, त्याचा हात माझ्याहून स्थिर आहे. कुठल्या गाण्यानंतर कुठली बाजू, हे त्याला मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. गाण्यांमधलं माझं बोलणं लांबतं असं सगळ्यांचं मत पडलं. ‘क्रेझी’ आणि ‘शीज गॉट यू’ सोडून बाकीच्यांवर एक-एक मिनिट, असं बांधून घेतलं.

काकांनी विचारलं, “ही जिम रीव्हजबरोबर गायली होती ना?” त्यांचं लहानपण वांद्र्याचं. शेजारच्या कॅथलिक घरांत जिम रीव्हजच्या तबकड्या वाजायच्या आणि नाताळात तर हमखास. भारतात कंट्री म्हटलं की अनेकांना तोच एक आवाज ठाऊक असतो. हे दोघं एकत्र गायले ते मृत्यूनंतर. जिम रीव्हजही ३१ जुलै १९६४ला विमान अपघातातच गेला. १९८१मध्ये दोघांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतले आवाज वेगळे काढून, त्यांना नवं वाद्यसंगीत जोडून द्वंद्वगीत तयार केलं गेलं. तांत्रिकदृष्ट्या ते चोख आहे. पण दोन माणसं एकमेकांना ऐकत गातात तेव्हा जे घडतं, ते त्यात नाही. ‘क्रेझी’मध्ये वादक आणि गायिका वेगवेगळ्या दिवशी असूनही ते घडलं, कारण वादक तिला ओळखत होते. हा मुद्दा सत्रात घेणार.

१६ नोव्हेंबर

सत्र झालं. हॉल भरला होता, मागे खुर्च्या वाढवाव्या लागल्या. काकांची पेटी आणि अंकपद्धत सगळ्यात जास्त रंगली, दोघं-तिघं तर पुढे येऊन स्वतः वाजवून गेले. ‘क्रेझी’ दुसऱ्यांदा लावल्यावर पियानोच्या एका उत्तराला पुढच्या रांगेतून सहज ‘वा’ आली.

‘शीज गॉट यू’नंतर चर्चा लांबली आणि मी ती लांबू दिली. एका ताईंनी विचारलं, की अशी बाई आज कंट्रीत कुठे बसते. १९७३मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये गेलेली ती पहिली एकल गायिका, हे सांगितलं. पण त्यांचा प्रश्न मानाचा नव्हता, गाण्यांचा होता. त्यावर लोरेटा लिनचं नाव घेतलं. पॅट्सीनं दुसऱ्यांची गाणी आपलीशी केली, लोरेटानं स्वतःची लिहिली. दोघींना एकत्र ऐकायला हवं.

एका आजोबांना मूळ ‘वॉकिन आफ्टर मिडनाइट’ नव्यापेक्षा कितीतरी आवडलं. त्यांच्या बाजूनं हात वर करणाऱ्यांत मीही होते.

१७ नोव्हेंबर

पत्रकाच्या उरलेल्या प्रती मंडळाच्या कपाटात ठेवल्या. ध्वनिमुद्रणाचा क्रम, सिंगलच्या पुढच्या-मागच्या बाजू आणि वादकांची यादी एका पानावर करून गटाला पाठवली. तबकडी ग्रंथालयाला दिली, ज्याला हवी त्यानं न्यावी.

पुढच्या सत्राची मागणी कालच आली : फोर स्टारची वर्षं, १९५५ ते १९६०, आणि त्यानंतर लोरेटा. पहिल्या भागासाठी गाणी निवडायला घेतली आहेत. न चाललेल्या पन्नासेक गाण्यांत काय होतं आणि काय नव्हतं, ते ऐकायचं आहे. काका पेटी घेऊन येणारच आहेत.